कपड्यांतले पाणी जाते कुठे?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात डोकावले, तर बहुतेक वेळा पंख्याखाली कपड्यांचा स्टॅण्ड उघडलेला दिसतो. त्यावरची जीन्स परवा धुतलेली असते. पाय वाळलेले असतात, पण कमरेची पट्टी आणि खिशांची अस्तरे हाताला अजून गार लागतात. शर्ट नाकाशी नेला की कुबट वास येतो आणि तो परत बादलीत पडतो. त्याच वर्षीच्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या तळघरात वेगळेच चित्र असते. ड्रायर दोनदा फिरवूनही टॉवेल ओलसरच निघतात, यंत्रामागच्या भिंतीला हात लावला तर ती दमट लागते आणि छोट्या खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत असतात.

दोन्हीकडची अडचण एकच आहे. कपड्यातून निघालेले पाणी नाहीसे होत नाही. ते कुठेतरी जाते. ते भिंतीबाहेर सोडायचे, मोरीत न्यायचे की खोलीतल्या हवेवर सोपवायचे, यावर गेली चाळीसेक वर्षे यंत्र बनवणारे, इमारतीचे नियम लिहिणारे, अग्निशमन दले, आरोग्य अभ्यासक आणि पर्यावरणाचे संशोधक आपापल्या बाजू मांडत आले आहेत. ड्रायर महाराष्ट्रात अजून मोजक्याच घरांत आहे. पण उंच इमारतींतले बंद होत चाललेले सज्जे पाहता हा वाद इथेही येऊन ठेपला आहे, म्हणून तो आज कुठे उभा आहे हे पाहायला हवे.

अडीच लिटरचा हिशेब

धुलाई यंत्राने मिनिटाला १४०० फेऱ्यांनी कपडे पिळले, तर सुक्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी त्यांत उरते. ८०० फेऱ्यांनी पिळले तर सुमारे ७० टक्के. म्हणजे पाच किलो कपड्यांत अडीच ते साडेतीन लिटर पाणी. मोठी बादली जेमतेम पाव भरेल एवढे हे पाणी, पण त्याची वाफ करायची तर लिटरमागे साधारण ०.६८ युनिट ऊर्जा लागते. अडीच लिटरांना १.७ युनिट. ही निसर्गाने ठरवलेली किंमत आहे. तापलेली हवा बाहेर सोडून देणाऱ्या यंत्राला ती चुकवता येत नाही, उलट गळतीमुळे त्यावर आणखी द्यावे लागते.

या हिशेबातून एक गोष्ट निघते आणि तिच्यावर सगळ्या पक्षांचे एकमत आहे. पाणी उष्णतेने उडवण्यापेक्षा पिळून काढणे फारच स्वस्त पडते. पिळण्याचा वेग ८०० वरून १४०० वर नेला की पाच किलोच्या धुण्यातून एक लिटर पाणी कमी होते, आणि त्यासाठी मोटारीला लागणारी जास्तीची वीज त्या वाचलेल्या पाऊण युनिटापुढे किरकोळ असते. ड्रायरमधली ओल कमी करायचा पहिला उपाय असा ड्रायरच्या बाहेरच आहे. एवढे मान्य झाल्यावर मतभेद सुरू होतात ते उरलेल्या पाण्यावरून.

शेगडीपासून पिंपापर्यंत

सन १८०० च्या सुमारास फ्रान्समधल्या पोशाँ नावाच्या माणसाने भोके पाडलेले पिंप विस्तवावर हाताने फिरवून कपडे वाळवायची युक्ती काढली. कपडे वाळत, पण धुराचा वास लागे, काजळी बसे आणि कधी कधी कपडे पेटतही. १८९२ मध्ये ओहायोतल्या डेटनचा कृष्णवर्णीय संशोधक जॉर्ज सॅम्पसन याने शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचे अमेरिकी पेटंट घेतले. त्यात उघडा विस्तव टाळलेला होता. आजच्या यंत्राचा पूर्वज मात्र नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर याचा. गोठवणाऱ्या थंडीत आईला कपडे बाहेर घालावे लागू नयेत म्हणून त्याने एका खोपटात फिरते पिंप बसवून पाहिले. पुढे विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये ते ‘जून डे’ या नावाने बाजारात आणले. ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखनकाराने त्याच्या दाराला काच बसवली, ती आजतागायत टिकली आहे.

या सगळ्या यंत्रांत पाण्याचा विचार एका ओळीत आटपत असे: गरम हवा आत घ्या, ओली हवा बाहेर सोडा. अमेरिकेतली घरे सुटी, ऐसपैस आणि लाकडी. भिंतीला चार इंचांचे भोक पाडणे अवघड नव्हते. युरोपातल्या दाटीवाटीच्या, दगडविटांच्या इमारतींत ते जमेना, म्हणून तिथे वाफ यंत्रातच थंड करून पाणी डब्यात जमवणारे कंडेन्सर ड्रायर रुळले. १९९७ मध्ये एईजीने हीट पंपावर चालणारा घरगुती ड्रायर आणला. आजचे तिन्ही प्रकार हे असे त्या त्या देशातल्या घरांच्या बांधणीतून आले आहेत.

भिंतीबाहेर सोडणाऱ्यांची बाजू

बाहेर सोडणाऱ्या ड्रायरच्या समर्थकांचे म्हणणे सरळ आहे. पाणी घराबाहेर, उष्णता घराबाहेर, वेळ कमी, यंत्र साधे आणि दुरुस्ती स्वस्त. मात्र हे सगळे मागची नळी नीट असेल तरच खरे ठरते, हेही ते मान्य करतात.

अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमावलीने या नळीला खूप जागा दिली आहे. नळी चार इंच व्यासाची, गुळगुळीत धातूची हवी. सर्वसाधारण मर्यादा ३५ फूट, आणि काटकोनातल्या प्रत्येक साध्या वळणामागे त्यातून पाच फूट वजा. तीन वळणे घेतली की हातात वीस फूटच उरतात. सांधे जोडताना स्क्रूची टोके आत डोकावू द्यायची नाहीत, कारण कपड्यांतून सुटलेले तंतू तिथेच अडकायला लागतात. बाहेरच्या तोंडाला उलटी हवा अडवणारी झडप हवी, पण जाळी नको. या शेवटच्या नियमावर घरमालक नेहमी अडखळतात. जाळी नसेल तर पक्षी घरटे करतात, जाळी लावली तर आठवड्याभरात तिच्यावर तंतूंचा थर बसतो. नियम घरट्याचा त्रास सोसायला सांगतो, आणि ते बरोबर वाटते. घरटे झाले तर ते काढता येते. जाळीवर थर बसला की मागची सगळी नळी हळूहळू भरत जाते आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही.

अशी नळी उघडून पाहिली की नियमांचे कारण डोळ्यांपुढे येते. यंत्रामागची चुण्यांची चकाकती लवचीक नळी भिंतीशी दाबली गेलेली असते. कात्रीने तिचा खालचा भाग कापला, तर आत करड्या रंगाचा ओला नमदा निघतो, बोटभर जाड. त्यात टॉवेलचे तंतू, केस, कागदी रुमालाचे कण सगळे एकजीव झालेले असते. चुणीचुणीत तो बसलेला असतो आणि मधे हवेला जायला फार तर मुठीएवढी वाट उरलेली असते. ड्रायर जास्त वेळ घेतो, कपडे गरम पण ओले निघतात, यंत्राचा वरचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, ही सगळी लक्षणे बहुधा इथून सुरू होतात. अशा वेळी तापमान वाढवून काही होत नाही. हवा वाहत नसेल तर वाफेला वाहून नेणारे कुणी उरत नाही.

हाच नमदा सुकला की पेट घेतो. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी दिलेल्या अंदाजानुसार, तिथे दरवर्षी घरगुती ड्रायरच्या सुमारे २९०० आगी नोंदल्या जात. त्यांत सरासरी ५ मृत्यू, १०० जखमी आणि साडेतीन कोटी डॉलरचे नुकसान. सगळ्यात मोठे कारण सफाई न करणे, ३४ टक्के. आगी हिवाळ्यात वाढतात आणि जानेवारीत सर्वाधिक असतात. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचा २०१० ते २०१४ चा आकडा मात्र खूपच मोठा आहे: ड्रायर आणि धुलाई यंत्रे मिळून वर्षाला १५,९७० आगी, त्यांतल्या ९२ टक्के ड्रायरच्या. दोन्ही संस्था जबाबदार आहेत. फरक मोजणीच्या पद्धतीतून येतो. कुठलाही एकच आकडा घेऊन धोका ठरवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दोष सफाईचा की यंत्राच्या रचनेचा, हा यातला जुना वाद. ब्रिटनमध्ये एका मोठ्या उत्पादक समूहाने २००४ ते २०१५ या काळात विकलेल्या सुमारे ५३ लाख ड्रायरांत तंतू तापत्या घटकावर पडू शकतात, हे २०१५ मध्ये जाहीर झाले. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका उंच इमारतीला आग लागली, तिचा उगम अशाच ड्रायरमध्ये होता. २०१९ मध्ये दुरुस्त न झालेली सुमारे पाच लाख यंत्रे परत मागवावी लागली. यंत्रातली तंतू अडवणारी जाळी वेळेवर साफ करणाऱ्या घरालाही हा धोका होता. म्हणून ‘जाळी साफ करा’ हा सल्ला खरा असला, तरी तेवढ्याने निर्मात्याची जबाबदारी संपत नाही, असे ग्राहक संघटनांचे म्हणणे आहे. निर्माते २०१३ च्या सुधारित अमेरिकी सुरक्षा मानकाकडे बोट दाखवतात. त्यात आग यंत्राच्या आतच रोखली जाते का, याची चाचणी घेतली जाते.

नळीतच होणारा पाऊस

आगीच्या मानाने ओलीची चर्चा कमी होते. घरांचे नुकसान मात्र ओलीनेही होते.

ड्रायरमधून निघणारी हवा गरम आणि वाफेने भरलेली असते. ती थंड माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीलगत लांब अंतर गेली, की नळीच्या आतल्या बाजूवर दव जमते. जिथे नळी झोळीसारखी लोंबते तिथे पाणी साचते. त्यात तंतू चिकटतात, वाट अरुंद होते, हवा मंदावते, मंदावलेली हवा आणखी थंड होते आणि आणखी पाणी सुटते. यंत्र चालू असताना नळीतून गुडगुड ऐकू आली तर आत पाणी आहे असे समजावे. सांधा ढिला असेल तर तेच पाणी छताच्या प्लास्टरवर पिवळसर डाग होऊन उतरते.

यावरच्या उपायांत जाणकारांचे फारसे दुमत नाही. वाट सगळ्यात आखूड ठेवावी, नळीला बाहेरच्या दिशेने थोडा उतार द्यावा, थंड जागेतून जाणाऱ्या भागाला उष्णतारोधक वेष्टन घालावे. मतभेद आहेत ते लांब नळीत मधे पंखा बसवण्यावर. हवा खेचणारा असा पंखा लांब वाटेचा अडथळा भरून काढतो, असे बसवणारे सांगतात. दुसरी बाजू म्हणते की त्या पंख्याच्या पात्यांवरही तंतू बसतात, तो बंद पडला तरी ड्रायर चालूच राहतो आणि भिंतीत दडलेले आणखी एक यंत्र कुणी साफ करत नाही. नियमावलीने मधली वाट घेतली आहे: याच कामासाठी प्रमाणित केलेला पंखाच वापरायचा.

नळीचे तोंड घरातच सोडून खाली पाण्याचा डबा ठेवायचा, हा स्वस्त तोडगाही विकला जातो. तंतू डब्यात अडकतात हे खरे, पण वाफ अडकत नाही. धुण्यामागे अडीच लिटर पाणी खोलीतच उरते. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरला हा तोडगा लावणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्याच नळीतून ज्वलनाचे वायू बाहेर जायचे असतात.

घराचा श्वास

ड्रायर मिनिटाला साधारण १०० ते २०० घनफूट हवा बाहेर फेकतो. १५० घनफूट धरले तर पाऊण तासात ६७५० घनफूट होतात. पाचशे चौरस फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या घरात एकूण हवाच ४५०० घनफूट असते. म्हणजे एका धुण्यात घरातली सगळी हवा दीडदा बाहेर जाते. तिच्या जागी तेवढीच हवा कुठून तरी आत येणार: दाराखालच्या फटीतून, स्वयंपाकघराच्या चिमणीतून, बाथरूमच्या झरोक्यातून.

जुन्या, फटी असलेल्या घरांत याचा कुणी विचार केला नाही. घरे हवाबंद व्हायला लागली तेव्हा प्रश्न पुढे आला. ड्रायर एवढ्याशा कोठडीत बंद केला तर त्याला हवाच मिळत नाही. म्हणून अमेरिकी नियम अशा कोठडीच्या दाराला निदान १०० चौरस इंचांची खुली जागा मागतात. यंत्र मिनिटाला २०० घनफुटांहून जास्त हवा फेकत असेल तर भरपाईच्या हवेची वेगळी सोय लागते. त्याच तळघरात धुराड्यावर चालणारा गॅसचा पाणी तापवायचा बंब असेल, तर खेचाखेचीत त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचे बळी महाराष्ट्रानेही पाहिले आहेत, त्यामुळे ही भीती इथल्या वाचकाला पुस्तकी वाटायचे कारण नाही.

वातानुकूलित घरात याची वेगळी किंमत मोजावी लागते. पैसे खर्चून थंड आणि कोरडी केलेली हवा ड्रायर बाहेर फेकतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढतो. कपडे वाळतात, पण घराची ओल वाढते. नळीविना यंत्रांच्या बाजूने मांडला जाणारा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे.

नळीविना

कंडेन्सर ड्रायर ओली हवा यंत्रातच थंड करतो आणि पाणी डब्यात किंवा मोरीत जाते. भोक नको, नळी नको. पण ‘नळी नाही म्हणजे ओल नाही’ हा समज बरोबर नाही. युरोपीय संघाच्या ऊर्जा लेबलवर कित्येक वर्षांपासून द्रवीकरण क्षमतेचा वर्ग छापला जातो. जुलै २०२५ च्या आधीच्या लेबलवर ९० टक्क्यांहून अधिक पाणी पकडणारे यंत्र पहिल्या वर्गात असे. एखादे यंत्र ८० टक्केच पकडत असेल, तर अडीच लिटरांतले अर्धा लिटर खोलीत सुटते. दाराचे रबर सैल झाले किंवा कंडेन्सर तंतूंनी भरला की हे प्रमाण वाढते. उष्णता तर सगळीच खोलीत राहते. ग्लासगोत हिवाळ्यात ती हवीहवीशी असेल, नागपूरच्या मे महिन्यात नाही.

हीट पंपाचे यंत्र यावर एक पायरी वर जाते. फ्रिजच्या यंत्रणेसारखीच यंत्रणा इथे दोन्ही बाजूंनी वापरलेली असते: थंड बाजू वाफेचे पाणी करते, गरम बाजू तीच हवा पुन्हा तापवते. वाफेत गेलेली उष्णता परत मिळते, म्हणून वीज जुन्या यंत्राच्या निम्मी किंवा त्याहून कमी लागते. पिंपातले तापमान ५० अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे सुती कपडे कमी आटतात. वेळ मात्र दीड ते तीन तास लागतो आणि किंमतही जास्त.

धोरणे या बाजूला झुकली आहेत. स्वित्झर्लंडने २०१२ पासून केवळ हीट पंपाच्या कार्यक्षमतेचेच ड्रायर विकू दिले. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी तापत्या तारांचे ड्रायर बाजारातून जवळपास बाद केले आहेत. अमेरिकेत अजूनही नळीचे ड्रायरच बहुसंख्य आहेत.

विरोधाची बाजूही हलकी नाही. दुरुस्ती करणारे सांगतात की हीट पंपाचा पातळ पट्ट्यांचा उष्मा-विनिमयक हा तंतूंचा आवडता अड्डा आहे. तो खोल बसवलेला असतो आणि घरच्या घरी साफ होत नाही. दक्षिण कोरियात २०१९ मध्ये एका बड्या कंपनीच्या ‘आपोआप साफ होणाऱ्या’ कंडेन्सरवरून ग्राहकांनी तक्रारी केल्या आणि सुमारे साडेचौदा लाख यंत्रांना मोफत दुरुस्ती द्यायचे ठरले. आत तंतू साठत होते, ओल राहत होती, वास येत होता. नळीतला नमदा यंत्राच्या पोटात आला, एवढाच फरक पडला, असे टीकाकार म्हणाले.

एक लहान गोष्ट दोन्ही प्रकारच्या यंत्रांना लागू आहे. जाळीजवळ धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की वीज वाहते आणि यंत्राला ओल कळते. सुगंधी ड्रायर शीट आणि सॉफ्टनरचा मेणचट थर त्या पट्ट्यांवर बसला की अंदाज चुकतो. यंत्र कपडे ओले असतानाच थांबते, नाहीतर उगाच फिरत राहते. ओल्या फडक्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसल्या की कित्येकदा मेकॅनिक बोलवावा लागत नाही.

हवेबरोबर आणखी काय बाहेर जाते?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वादाला तिसरी बाजू मिळाली. नळीतून केवळ वाफ जात नाही. २०११ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन स्टाइनमन यांनी सुगंधी साबण आणि शीट वापरलेल्या ड्रायरच्या तोंडाशी हवा तपासली, तेव्हा पंचवीसहून अधिक बाष्पनशील रसायने सापडली. त्यांत बेन्झीन आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडही होते.

तंतूंचा प्रयोग तर डोळ्यांनी दिसणारा आहे. कॅप आणि मिलर या अमेरिकी संशोधकांनी गुलाबी फ्लीसची ब्लँकेटे घेतली, आयडाहो आणि व्हरमाँटमधल्या घरांच्या ड्रायरांत वाळवली आणि नळीच्या तोंडापुढच्या ताज्या बर्फाचे नमुने गोळा केले. तीस फुटांपर्यंत बर्फात गुलाबी तंतू मिळाले. २०२० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठातल्या संशोधकांनी एक ड्रायर वर्षाला १२ कोटींपर्यंत सूक्ष्म तंतू हवेत सोडू शकतो, असा अंदाज दिला.

यावरून नळीविना यंत्रे निर्दोष ठरत नाहीत. त्यांची जाळी नळाखाली धुतली जाते, आणि तेच तंतू मोरीतून सांडपाण्यात जातात. जाळी कोरडीच पुसून तंतू कचऱ्यात टाकावेत, यावर आता बहुतेकांचे एकमत होत आहे. बारीक छिद्रांची जाळी तंतू जास्त अडवते, पण ती लवकर भरते आणि हवेचा प्रवाह कमी करते. पर्यावरणाला हवे ते आणि अग्निसुरक्षेला हवे ते, इथे एकमेकांच्या आड येते.

दोरीची बाजू

यंत्रच का, असा चौथा सूर आहे. उत्तर अमेरिकेत अनेक वसाहतींच्या नियमांत दोरीवर कपडे घालायला बंदी असते. दर्शनी भाग बिघडतो, हे कारण. त्याविरुद्ध ‘वाळवण्याचा हक्क’ मागणारी चळवळ उभी राहिली. फ्लोरिडा, कोलोराडो, मेन, व्हरमाँट अशा राज्यांनी आणि २००८ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने या बंदीला लगाम घालणारे नियम केले.

पण बाहेर ऊन नसेल तर दोरी घरात येते. ग्लासगोतल्या मॅकिंटॉश वास्तुकला संशोधन केंद्राने २०१२ मध्ये शंभर घरांचा अभ्यास केला, तेव्हा ८७ टक्के घरे थंडीत कपडे घरातच वाळवत होती, एका धुण्यातून हवेत जवळजवळ दोन लिटर पाणी सुटत होते, आणि काही घरांतली सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओल एकट्या धुण्याची होती. मँचेस्टरचे बुरशीरोगतज्ज्ञ डेव्हिड डेनिंग यांनी दमेकऱ्यांना अशा वाळवण्यापासून जपायला सांगितले.

घरमालकांनी यातून सोयीचा अर्थ काढला: ओल भाडेकरूंच्या सवयींमुळे येते. त्यावर इंग्लंडच्या गृहनिर्माण लोकपालांनी ऑक्टोबर २०२१ च्या अहवालाला, दोष ‘जीवनशैलीचा नाही’, अशा अर्थाचे नाव दिले. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल गावात बुरशीने भरलेल्या घरात राहणारे दोन वर्षांचे एक मूल दगावले होते. २०२२ मध्ये मृत्युचौकशीने त्याचा संबंध घरातल्या बुरशीशी जोडला. त्या मुलाच्या नावाने झालेला ‘अवाबचा कायदा’ २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणात टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. कपडे वाळवायला जागा आणि हवा देणे हे घर बांधणाऱ्याचे काम आहे, हे त्यातून अधिक ठामपणे मांडले जाऊ लागले.

इथला पावसाळा

मुंबईत जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत बाहेर सोडणारा ड्रायर चालेल का, ही शंका रास्त आहे. चालतो. २८ अंशांची ही ओली हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १६ टक्क्यांवर येते. कपड्यांतले पाणी पिऊन घ्यायला तिला भरपूर जागा मिळते. अडचण भिंतीची आहे. सोसायटीच्या दर्शनी भिंतीला चार इंचांचे भोक पाडू द्यायला समिती तयार नसते आणि खिडकीतून काढलेल्या पाइपाची वाफ वरच्या मजल्यावर जाते. वरून कपड्यांचे पाणी ठिबकते म्हणून होणारी भांडणे ज्या इमारतींना नवी नाहीत, तिथे हे आणखी एक.

म्हणून इथे धुऊन वाळवणारी एकत्र यंत्रे जास्त खपतात. त्यांत दोन गोष्टी विक्रेता क्वचितच सांगतो. एक, आठ किलो धुणारे यंत्र बहुधा पाच किलोच वाळवते; सगळे कपडे तसेच आत ठेवले तर चादरींचे गोळे होतात आणि मधला भाग ओला राहतो. दोन, यांतली कित्येक यंत्रे वाफ थंड करायला नळाचे पाणी वापरतात. टँकरवर जगणाऱ्या वसाहतीत हा खर्च जाणवतो, आणि टाकीतले पाणीच कोमट असेल तर वाफ नीट थंड होत नाही.

दुसरा पर्याय डीह्युमिडिफायरचा. त्याच्या खोक्यावर लिहिलेले दिवसाचे लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. युरोपातल्या थंड खोलीत हा आकडा फसवा ठरतो. मुंबईच्या जुलैत मात्र तो वास्तवाच्या बराच जवळ जातो. दार बंद केलेली लहान खोली, स्टॅण्ड, पंखा आणि हे यंत्र, एवढ्यावर रात्रीत कपडे वाळू शकतात, आणि पाणी डब्यात मोजून मिळते.

कुबट वासाचे कोडे आता बरेच सुटले आहे. २०१२ मध्ये जपानच्या काओ कंपनीतल्या संशोधकांनी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जीवाणू आणि त्याने तयार केलेले एक मेदाम्ल या वासाला कारण असल्याचे दाखवले. हा जीवाणू वाळण्यालाही दाद देत नाही. म्हणून एकदा वास धरलेला टॉवेल वाळल्यावर शांत असतो आणि अंग पुसून ओला झाला की पुन्हा बोलू लागतो. कपडे किती तास ओले राहतात यावर त्याची वाढ ठरते. ड्रायर, पंखा, ऊन यांतले काहीही चालेल, पण लवकर.

अजून न मिटलेले

वीज, आग, ओल आणि तंतू या चार कसोट्यांवर एकाच वेळी उतरणारे यंत्र अजून नाही. नळीच्या यंत्रांना वीज जास्त लागते आणि तंतू बाहेर जातात. कंडेन्सर खोली दमट आणि गरम करतो. हीट पंप वीज वाचवतो, पण त्याच्या पोटातली सफाई कुणी करायची हे ठरलेले नाही. घरात वाळवणे स्वस्त आहे, पण हवा खेळती नसेल तर भिंत त्याची किंमत चुकवते. अमेरिकी पर्यावरण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवायला सांगते. कोकणकिनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या खिडकीच्या घरात ते शक्यच नाही, आणि अशा हवेसाठी वेगळा निकष काय असावा यावर चर्चा नुकती कुठे सुरू होते आहे.

सगळ्यात मोठे प्रश्नचिन्ह यंत्राच्या वयाचे आहे. लेबलवरचे आकडे नव्या कोऱ्या यंत्राचे असतात. तीनशे धुणी झाल्यावर, विनिमयकावर तंतूंची साय धरल्यावर, रबर ताठरल्यावर तेच यंत्र किती पाणी पकडते आणि किती खोलीत सोडते, हे घराघरांतून मोजून पाहायला हवे. युरोपात जुलै २०२५ नंतर विकलेली यंत्रे २०३५ च्या आसपास दहा वर्षांची होतील.